भिंतीची दरज

कारंज्यात एक गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. उंटांचा तांडा घेऊन एक व्यापारी कस्तुरी विकायला निघाला. गावोगाव फिरला, पण एवढा माल एकदम घेणारा धनी काही भेटेना. फिरत फिरत तो कारंज्याला आला. इथल्या एका सावकारानं उंटांवरची सगळीच्या सगळी कस्तुरी विकत घेतली आणि त्याच्या घराचं बांधकाम चाललं होतं, त्या गाऱ्यात ती कालवायला लावली. कस्तुरीची हवेली ती हीच. सावकार कोण, उंट किती, दाम कोणत्या नाण्यात मोजला, हे सांगणाऱ्यागणिक बदलतं. कस्तुरी गाऱ्यात गेली, हे मात्र कुणी बदलत नाही.

मी कवी माणूस. इतिहास बी.ए.ला एक विषय म्हणून होता, तेवढीच आमची ओळख. तेव्हा गोष्ट खरी की रचलेली, या वादात मी पडत नाही. मला नवल वेगळ्याच गोष्टीचं वाटतं. आपली श्रीमंती दाखवायची तर या माणसाला सोन्याचा कळस सुचला नाही, हत्तीची अंबारी सुचली नाही. त्याला सुचलं ते दोन विटांमध्ये काय घालायचं हे. गाऱ्यात काय जातं याकडे ज्या गावाचं लक्ष आहे, त्याच गावात अशी गोष्ट जन्माला येऊ शकते.

गेल्या काही वर्षांत आमच्या जुन्या घराच्या बाहेरच्या भिंतीचं काम काढावं लागलं. विटा फुटत होत्या, त्यांचं पीठ होऊन खाली गळत होतं. त्या निमित्तानं जे पाहिलं, वाचलं, विचारलं, ते आज तुमच्यासमोर ठेवतो. भिंत माझी असली तरी दुखणं एकट्या माझ्या भिंतीचं नाही. जुन्या कारंज्यातल्या कोणत्याही गल्लीत जा, कमरेएवढ्या उंचीपर्यंत विटा खाल्लेल्या दिसतील. अचलपूरला जा, बाळापूरला जा, तीच तऱ्हा.

कारंजा हे व्यापाराचं गाव. जुन्या कागदांत ‘कारंजा बीबी’ असंही नाव येतं, लाड घराण्यामुळे ‘लाडाचं कारंजं’ झालं. श्री नृसिंह सरस्वतींचं हे जन्मस्थान, जैनांची जुनी पीठंही इथलीच. काष्ठासंघ मंदिरातलं लाकडी कोरीवकाम पाहायला लोक लांबून येतात. भोवती तट होता आणि चार दिशांना चार वेशी. दिल्ली वेस, दारव्हा वेस, मंगरूळ वेस आणि पोहा वेस ही नावं आजही रोजच्या बोलण्यात आहेत. वेशीला दिल्लीचं नाव देणारं गाव किती लांबचा विचार करत असेल! १६७० च्या अखेरीस शिवाजी महाराजांच्या फौजा या गावावर आल्या, त्या इथली दौलत ऐकूनच. पैसा होता, म्हणून पक्क्या विटांची घरं होती.

वऱ्हाडात पक्की वीट ही सगळ्यांची नव्हतीच. गरिबाचं घर पांढऱ्या मातीचं आणि वर धाबं. गावठाणाला आपण ‘पांढरी’ म्हणतो आणि शेतीला ‘काळी’, त्यातली ही पांढरी. ही माती फुगत नाही, उकलत नाही. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात पाय जाईल एवढ्या भेगा पाडून आकसते. तिच्यावर घर बांधायचं तर खाली मुरूम लागेपर्यंत खणावं लागतं. मधल्या माणसाचं घर आतून कच्च्या विटांचं आणि रस्त्याकडच्या दर्शनी भागात भाजलेल्या विटांचं. सावकाराचा वाडा मात्र चुनेगच्ची.

तसा विटेचा वारसा विदर्भाला फार जुना. रामटेकजवळ मनसरच्या टेकाडांत वाकाटककाळातलं मोठं वीटकाम उघडं पडलं. त्याच वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी, वत्सगुल्म, म्हणजे आमचं वाशीम. मराठवाड्यात तेरचं त्रिविक्रम मंदिर विटांचं आहे. आणि जवळचं उदाहरण हवं असेल तर बाळापूरचा किल्ला. मन आणि म्हैस या नद्यांच्या मधल्या उंचवट्यावर उभा असलेला हा किल्ला १७५७ साली एलिचपूरच्या नवाब इस्माईल खानानं पुरा केला. त्याचे उंच बुरूज विटांचे आहेत, आणि इंग्रजी अमदानीतल्या गॅझेटियरवाल्यांनाही त्या वीटकामाची तारीफ करावीशी वाटली. अडीचशेहून जास्त पावसाळे झेललेल्या त्या तटासमोर उभं राहिलं की प्रश्न पडतो, आपल्या घराची भिंत पन्नास वर्षांत का हरते?

उत्तराकडे जाण्याआधी थोडं शब्दांबद्दल. कवीला ही सवय सुटत नाही, तेव्हा चालवून घ्या. भिंतीच्या कामातले शब्द तपासले तर मोठी मौज आहे. ‘वीट’ संस्कृत इष्टकेपासून आली आणि ‘चुना’ चूर्णापासून. ‘गिलावा’ फारसी. गिल म्हणजे माती आणि आब म्हणजे पाणी. विटांचा चुरा ती ‘सुरखी’, कारण सुर्ख म्हणजे लाल. चुनेगच्चीतला ‘गच’ फारसी. हे सगळं ज्याच्या हातात असतं तो ‘मिस्त्री’ पोर्तुगीजांकडून आला. ‘सिमेंट’ इंग्रजांकडून. एका भिंतीत एवढे सगळे नांदतात आणि भांडण ऐकू येत नाही.

या सगळ्यांत मला आवडलेला शब्द ‘दरज’. दोन विटांमधल्या सांध्याला गवंडी दरज म्हणतो, तिच्यात माल भरण्याला दरजा भरणं. फारसीत दर्ज़ म्हणजे कापडाची शिवण, आणि शिवण घालतो तो दर्जी. भिंत ही शिवलेली वस्तू आहे, हे हा शब्द ज्यांनी उचलला त्यांना ठाऊक असलं पाहिजे. कापडापेक्षा दोरा राठ असला तर काय होतं हे कोणत्याही शिंप्याला विचारा. दोरा तुटत नाही, कापड फाटतं.

आमच्या कामावर जे मिस्त्री आले ते सत्तरी ओलांडलेले. मी त्यांना काका म्हणतो. भिंतीवर हात फिरवून, दोन जागी हातोडीच्या दांड्यानं ठोकून त्यांनी जे सांगितलं ते असं : “भाई, गारा इटीहून नरम पायजे. गारा मेला तं दुसरा भरता येते. इट मेली तं कुठून आनता?” नंतर मी जी पुस्तकं वाचली त्यांत याहून जास्त काही सापडलं नाही. होतं ते याचाच विस्तार.

तो विस्तार थोडक्यात असा. जमिनीतली ओल भिंतीत वर चढते, दिव्याच्या वातीत तेल चढतं तशी. तिच्याबरोबर मातीतले क्षार येतात. पाणी बाहेर पडून वाळतं, क्षार मागे राहतात आणि त्यांचे खडे वाढतात. हाच तो लोणा. भिंतीवर पांढरी बुरशी आल्यासारखी दिसते ती. चुन्याची दरज विटेपेक्षा सच्छिद्र आणि मऊ असते. म्हणून ओल तिच्यातून बाहेर पडते आणि लोणाही तिलाच खातो. दरज झिजते, विट वाचते. दहा-वीस वर्षांनी झिजलेली दरज खरवडून नवी भरायची, की झालं. दरजेचं कामच मुळी झिजण्याचं.

आता त्याच भिंतीवर सिमेंटचा गिलावा चढवा किंवा दरजांत सिमेंट भरा. ओल आता सिमेंटातून सहज बाहेर पडू शकत नाही. ती विटेतून वाट काढते. खडे विटेच्या पोटात वाढतात आणि विटेचा दर्शनी पापुद्रा उडवतात. काही वर्षांनी पाहावं तर सिमेंटच्या रेघा जाळीसारख्या पुढे आलेल्या आणि मधल्या विटा खोबणीसारख्या आत गेलेल्या. जुन्या कारंज्यात हे दृश्य पावलोपावली आहे. पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात, अकोला-बुलडाण्याच्या त्या गावांत, जमिनीतच मीठ असल्यानं हा खेळ आणखी लवकर उरकतो.

मग आपल्याकडे चुना गेला कसा? कुणी हाकलला नाही, तो हळूहळू मागे सरकला. लीड्सच्या जोसेफ अ‍ॅस्पडिन नावाच्या गवंड्यानं १८२४ साली पोर्टलंड सिमेंटचं पेटंट घेतलं. आपल्याकडे १९०४ साली मद्रासला प्रयत्न झाला, पण १९१४ साली पोरबंदरचा कारखाना सुरू झाला तेव्हा कुठे देशी सिमेंटचं बस्तान बसलं. कारंज्यात त्या सुमारास कापसाचा मोसम जोरात होता. जिनिंग-प्रेसिंगच्या चिमण्या उभ्या होत्या आणि मूर्तिजापूरहून यवतमाळकडे जाणारी लहान रुळांची गाडी, आपली शकुंतला, गावाजवळून धावू लागली होती. आता ती बंद आहे. त्या काळातली बांधकामं अजून बरीचशी चुन्याचीच. वऱ्हाडातल्या काळ्या मातीत कंकर सापडतो, चुनखडीचे गोटे. तो भाजून चुना होई. त्यात मातीचा अंश असल्यानं तो ओलीतही घट्ट होतो. इंग्लंडात जॉन स्मीटन या इंजिनिअरला १७५० च्या दशकात दीपगृह बांधताना हेच तत्त्व सापडलं. आमच्याकडच्या भट्टीवाल्यांना ते कधी सापडलं याची तारीख कुणी लिहून ठेवली नाही.

चुना मळायची बैलघाणी असायची. गोल चर, त्यात फिरणारं दगडी चाक आणि चाकाला जुंपलेला बैल. चुना, वाळू, सुरखी तासन्‌तास मळायची. गुळाचं पाणी, बेलफळाचा गर, हिरड्याचा काढा असं काय काय त्यात जाई. प्रत्येकाचं काम वेगळं, आणि यांतलं बरंचसं आज प्रयोगशाळेतही तपासलं गेलं आहे. २०१६ साली पुरातत्त्व खात्याचे राजदेव सिंह आणि वनस्पतिशास्त्रज्ञ सरदेसाई यांनी दाखवून दिलं की वेरूळच्या लेण्यांतल्या मातीच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे धागे मिसळलेले आहेत. अजिंठ्याच्या गिलाव्यात ते नाहीत, आणि तिथल्या चित्रांना किड्यांनी जो त्रास दिला तो वेरूळला दिला नाही. हे वाचल्यावर कस्तुरीची गोष्ट मला आधी वाटत होती तेवढी अचाट वाटेना.

सिमेंट घराघरात पोचायला मात्र बराच वेळ लागला. आज तरुणांना सांगितलं तर हसतात, पण एके काळी सिमेंटला परमिट लागायचं. पाच पोत्यांसाठी तहसीलच्या खेपा व्हायच्या. सिमेंटच्या कोट्याच्या प्रकरणात उच्च न्यायालयाच्या निकालानंतर जानेवारी १९८२ मध्ये बॅरिस्टर अंतुले यांना मुख्यमंत्रिपद सोडावं लागलं, एवढी त्या राखाडी पिठाची किंमत होती. त्याच वर्षी नियंत्रण काही अंशी उठलं आणि १९८९ मध्ये पूर्णपणे. जे इतकी वर्षं मिळत नव्हतं ते मिळू लागल्यावर काय होणार? ज्याच्या घरी लग्न निघालं त्यानं पहिल्यांदा दर्शनी भिंतीला सिमेंट मारलं. अब्बांनीही १९८४ च्या सुमारास आमच्या भिंतीला मारलं, गल्लीत सगळ्यांनी मारलं. भिंत गुळगुळीत झाली, अम्मीनं तिच्यावर निळसर रंग दिला. आठ-दहा वर्षं ती खरंच देखणी दिसली.

आणि मग ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. किल्लारीत हजारो माणसं मातीत रचलेल्या जाड दगडी भिंतींखाली आणि वजनदार माळवदांखाली गेली. ती भीती कारंज्यापर्यंत आली. मातीचं, चुन्याचं जे काही ते मरणाचं, अशी समजूत पक्की झाली. तिला नावं ठेवायची माझी छाती नाही. किल्लारीत भिंतींचे थर एकमेकांना नीट बांधलेले नव्हते, वरचा भार अफाट होता, हे सगळं खरं, पण ज्याचं घर गेलं त्याला हे कुणी सांगावं? सिमेंट आणि लोखंडाच्या सांगाड्यानं नव्या घरांना जे बळ दिलं ते नाकारण्यात अर्थ नाही. माझ्या धाकट्या भावाचं म्हणणं अजून तेच आहे : पाडा, कॉलम उभे करा, स्लॅब टाका. नवं घर बांधायचं तर मीही तेच करीन. माझा मुद्दा फक्त जुन्या, उभ्या, चुन्याच्या भिंतीपुरता आहे. तिला सिमेंटचं ठिगळ लावू नये.

घरात यावर बरीच खडाजंगी झाली. एका ठेकेदारानं तर ‘वरून जाळी मारून दीड इंच सिमेंट देतो, वीस वर्षं बघायला नको’ असं सांगून आगाऊ रक्कमही मागितली. अखेर ठरलं ते असं, की रस्त्याकडची एक भिंत काकांच्या पद्धतीनं करून पाहायची. ती टिकली तर बाकीचं घर राहील, नाही तर भावाच्या मनासारखं होईल.

दिवाळीनंतर काम धरलं. चुन्याला कडक ऊनही नको आणि धो धो पाऊसही नको. त्याआधी महिनाभर परसातल्या हौदात कळीचा चुना भिजत घातला. वणीजवळच्या राजूरकडे चुन्याच्या भट्ट्या आहेत, तिकडचा. कळीवर पाणी पडलं की ते रटरटा उकळतं. लहान मुलांना त्या बाजूला फिरकू देऊ नका, डोळे जातात. मग सिमेंटचा गिलावा काढला, मोठ्या घणानं नाही, लहान छिन्नीनं, विटेला धक्का न लावता. हे सगळ्यात जिकिरीचं काम. तेरा दिवस गेले. उघडी पडलेली भिंत पाहून अम्मी म्हणाली, “या अल्लाह, हे तर देवी आलेल्या माणसाचं तोंड झालं!” लोणा कोरड्या ब्रशनं झाडला. पाण्यानं धुतला असता तर तोच परत आत गेला असता. दरजा इंचभर खोल खरवडल्या.

विटांचा प्रश्न उरला. आमच्या भिंतीतली वीट आजच्या विटेपेक्षा पातळ आहे. आजची वीट मधे बसवली तर थर जुळत नाहीत. काकांनी आधी आहे त्याच विटा तपासल्या. जिचा फक्त दर्शनी पापुद्रा गेला होता ती अलगद काढून उलटी फिरवून बसवली. मागची बाजू कोरी करकरीत! अशा चाळीसेक विटा वाचल्या. उरलेल्यांसाठी शेजारच्या मोहल्ल्यात एक वाडा पाडणं चाललं होतं, तिथून ट्रॉलीभर विटा आणल्या. एका घराच्या मरणावर दुसऱ्याची डागडुजी, हे मला बरं वाटलं नाही. पण त्या विटा नाही तर खड्ड्यात भरण म्हणून जाणार होत्या.

माल असा : एक घमेलं चुना, एक सुरखी, दोन धुतलेली वाळू. गुळाचं पाणी काकांनी अंदाजानं घातलं, प्रमाण विचारलं तर हसले. घाणी कुठून आणणार, दोन पोरांनी आळीपाळीनं फावड्यानं अर्धा दिवस मळलं. दरज आधी ओली करायची, मग माल पातळ थापीनं थरांत दाबायचा, एकदम कोंबायचा नाही. वरून विटेच्या कडेपेक्षा किंचित आत ठेवायचा. पंधरा दिवस ओली पोती बांधून ठेवली. सिमेंट एका रात्रीत दगड होतं. चुना हवेतला कार्बन वायू शोषून सावकाश पुन्हा चुनखडी होत जातो, त्याला घाई चालत नाही. शेवटी गिलावा न देता चुन्याचे दोन पातळ हात दिले.

खर्च? सिमेंटच्या मानानं माल महाग पडला नाही, मजुरी दुप्पट पडली. अडचण पैशाची नाही, हातांची आहे. काकांच्या हाताखाली जी दोन पोरं होती त्यांतला एक आता पुण्याला सेंट्रिंगच्या कामावर आहे. दुसऱ्याला मी विचारलं, शिकलास का? म्हणाला, “शिकलो, पन बोलावते कोन?” १९२३ साली पुरातत्त्व खात्याच्या सर जॉन मार्शल यांनी जतनाच्या कामाची पुस्तिका काढली, जुनं नवं करू नका, आहे ते जपा असा तिचा रोख. सरकारी स्मारकांना निदान असं एखादं पुस्तक आहे. घरांसाठी काही नाही. १९९८ साली वाशीम जिल्हा झाला, नव्या कचेऱ्या उभ्या राहिल्या. पण जुन्या वेशीच्या आतल्या घरांचं काय करायचं, याची चौकशी करायची तर आजही एखाद्या सत्तरीच्या मिस्त्रीचं दारच ठोठवावं लागतं.

भिंतीनं दोन पावसाळे काढले. पहिल्या पावसाळ्यात ती डागाळल्यासारखी ओली दिसायची आणि उघडीप मिळाली की दुपारपर्यंत वाळायची. भाऊ रोज येताजाता तिच्यावर बोट फिरवून बघायचा. अजून काही बोललेला नाही, पण परवा त्यानं आपणहून मागच्या भिंतीचं माप घेतलं. खालून दुसऱ्या थरात, नळाच्या बाजूला, हातभर दरज भुसभुशीत झाली आहे, विटा शाबूत आहेत. ती येत्या दिवाळीनंतर भरायची. हौदात चुना आहे, वर चार बोटं पाणी ठेवलंय.